ब्राउनी फजी, म्हणजे आतून ओलसर आणि दाट हवी असेल तर ओव्हनमधून जरा आधीच काढा

घरची ब्राउनी केकसारखी फुगत असेल, कोरडी होत असेल तर मैदा आणि वेळ दोन्ही कमी करा. ८ इंची चौकोनी टिनला १५० ग्रॅम डार्क चॉकलेट, ११५ ग्रॅम बटर, २०० ग्रॅम साखर, २ अंडी, ६५ ग्रॅम मैदा आणि २ टेबलस्पून कोको पुरे, बेकिंग पावडर अजिबात नको, ती घातली की झालाच केक. अमूलचं नेहमीचं बटर असेल तर वेगळं मीठ नको, त्यात असतंच. चॉकलेट घेताना मात्र पाकिटामागे वाचाच, कोको बटर हवं, वनस्पती तेलाचं कंपाउंड चॉकलेट स्वस्त पडतं पण चवीत मार खातं.

वरची ती चकचकीत पापुद्र्यासारखी साय हवी ना, मग अंडी-साखर ४-५ मिनिटं फेटा, रंग फिका होऊन मिश्रण दाटसर झालं पाहिजे, मग त्यात वितळलेलं चॉकलेट-बटर कोमट असताना ओता, गरम ओतलंत तर अंडं शिजतं. मैदा-कोको चाळून हलक्या हाताने मिसळा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की लगेच थांबा.

ओव्हन आधी तापवून १७५ डिग्रीला ठेवा आणि २० मिनिटांनी टूथपिक घालून बघा, ओलसर चुरा चिकटला की लगेच बाहेर काढा, पातळ पीठ आलं तर अजून २-३ मिनिटं. टूथपिक स्वच्छ निघेपर्यंत थांबलात तर उशीर झाला समजा, कारण गरम टिनमध्ये ब्राउनी बाहेरही थोडी शिजतच राहते. पूर्ण गार झाल्यावर तासभर फ्रीजमध्ये ठेवून मगच कापा, दर वेळी सुरी पुसून.