‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर नव्हे: ई-मेल लिहिताना या चुका टाळा

‘प्लीज रिव्हर्ट’. आपल्याकडच्या ऑफिसांतले कितीतरी ई-मेल याच दोन शब्दांवर संपतात. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, ‘उत्तर कळवा’. पण मूळ इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ वेगळा आहे: आधीच्या स्थितीला, आधीच्या सवयीवर किंवा आधीच्या मालकाकडे परत जाणं. पत्रव्यवहार शिकवताना मी ही चूक इतक्यांदा खोडली आहे की आता पहिल्याच तासाला तिच्यावर बोलतो.

यात काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांना मी एक प्रसंग सांगतो. माझी एक विद्यार्थिनी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. बिलाच्या स्क्रीनवर तिच्या टीमने बरेच बदल केले होते. ते पाहून मत कळवावं म्हणून तिने लंडनच्या सहकाऱ्याला लिहिलं, ‘प्लीज चेक द चेंजेस अँड रिव्हर्ट’. त्याने बदल तपासले आणि सगळे काढून टाकले. संगणकाच्या कामात रिव्हर्ट हा रोजचा शब्द आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या सॉफ्टवेअरमध्ये तर आधीचा बदल उलटवण्याच्या आज्ञेचं नावच ते आहे. सोमवारी ग्राहकासमोर जुनी स्क्रीन उघडली आणि बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तिने तो मेल मला दाखवला. व्याकरणाची एकही चूक नव्हती. लंडनच्या माणसाने लिहिलं होतं तेच केलं होतं. आणि तिने ते वाक्य उचललं होतं सीनियरच्या जुन्या मेलमधून.

दुसऱ्याचं वाक्य कॉपी करून पाठवायची घाई मला मुळीच पटत नाही. नवशिक्यांना तयार वाक्यांची यादी हवी असते, डिक्शनरी उघडायला मात्र वेळ नसतो. या शब्दाची ओळख तर दोन मिनिटांत होते. लॅटिनमध्ये ‘रे’ म्हणजे परत आणि ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळणं. कन्व्हर्ट, डायव्हर्ट, व्हर्जन ही त्याच घरातली मंडळी. संस्कृतातला ‘वृत्’ धातूही याच कुळातला. आपलं परिवर्तन, निवृत्ती, कालव्याचं आवर्तन त्यातूनच आलं. निवृत्त म्हणजे मुळात मागे वळलेला, म्हणजे रिव्हर्टचा जवळजवळ सख्खा भाऊ. हे नातं एकदा लक्षात आलं की अर्थ पाठ करावा लागत नाही.

योग्य वापर पाहायचा तर हाँगकाँग घ्या. तिथला न्यू टेरिटरीज हा भाग ब्रिटनने 1898 साली चीनकडून 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला. 1997 मध्ये मुदत संपली आणि तो भाग चीनकडे रिव्हर्ट झाला. मालमत्तेच्या कायद्यात हा शब्द असाच येतो. सरकारी नोकरीत तात्पुरती बढती संपून माणूस मूळ पदावर जातो, तेव्हाही हाच शब्द वापरतात आणि तो बरोबर असतो.

‘रिव्हर्ट बॅक’ लिहू नका; ‘परत’ आधीच शब्दात आहे. ‘रिव्हर्ट मी’ तर कुठल्याच अर्थाने बसत नाही. कशाकडे परत जायचं ते सांगताना पुढे ‘टू’ लागतो. रिव्हर्स आणि रिव्हर्ट यांची गल्लतही नेहमीची: कोर्ट खालचा निकाल रिव्हर्स करतं, रिव्हर्ट नाही. उच्चारात जोर ‘व्हर्ट’वर द्या.

माझी सवय साधी आहे. रिव्हर्ट लिहिलं की मनात ‘पहिल्यासारखं’ म्हणून बघतो. वाक्य जुळलं तर शब्द राहतो, नाही तर ‘रिप्लाय’ किंवा ‘लेट मी नो’ लिहितो. स्वतः उत्तर देणार असेन तर ‘आय विल गेट बॅक टू यू’.

‘उत्तर देणे’ हा अर्थ काही डिक्शनऱ्या आता भारतीय इंग्रजी म्हणून नोंदवतात, हे विद्यार्थी मला आवर्जून दाखवतात. मान्य. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या मेलमध्ये कुणाचा गैरसमज होत नाही, तिथे मी लाल पेन चालवत नाही. पण मेल देशाबाहेर जाणार असेल, किंवा त्यात कोड, करार वा दरपत्रकाचा विषय असेल, तर ‘रिप्लाय’च लिहा.