ट्रेनर घरी येण्याआधी

ट्रेनरला फोन लावण्याआधी कुत्र्याची गाऱ्हाणी कागदावर लिहून काढा. 'ऐकत नाही' असं मोघम नको. बेल वाजली की दारावर उड्या मारतो, जेवताना भांड्याजवळ गेलं की गुरगुरतो, लिफ्टमध्ये दुसरा कुत्रा दिसला की पट्टा ओढतो, असं नेमकं लिहा. हा कागद आधी डॉक्टरांना दाखवा. एकाएकी चिडका झालेल्या कुत्र्याचा कधीकधी कान ठणकत असतो किंवा कंबर दुखत असते, त्यावर ट्रेनर काय करणार? लसीकरणाची वही हाताशी ठेवा. जो ट्रेनर ती मागतच नाही, त्याच्या नावापुढे तिथेच फुली मारा.

आता प्रमाणपत्रं. आपल्याकडे ब्रीडरसाठी २०१७ चे आणि पेट शॉपसाठी २०१८ चे नियम आहेत, पण ट्रेनर म्हणून पाटी लावायला सरकारी परवाना लागत नाही. केनेल क्लबचं कार्ड कोणी पुढे केलं तर लक्षात ठेवा, क्लबचं मुख्य काम वंशावळीच्या नोंदी आणि शो हे आहे. 'सीपीडीटी-केए' या परदेशी प्रमाणपत्राला मात्र वजन आहे. त्यासाठी शिकवण्याचा किमान ३०० तासांचा अनुभव आणि परीक्षा लागते, शिवाय दर तीन वर्षांनी नूतनीकरण. ते देणाऱ्या संस्थेच्या यादीत ट्रेनरचं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात, तेवढी काढाच. 'मी श्वानपथकात होतो' हेही बरेचदा ऐकू येतं. खरं असेल तर अनुभव मोठाच. पण तिथे निवडून घेतलेला कुत्रा आणि ठरलेला हँडलर असतो. तुमच्याकडे आजी, दोन पोरं आणि रोज येणारा कुरियरवाला आहे. घरगुती कुत्र्यांचं काय काम केलंय, ते विचारा.

माझा मुख्य प्रश्न एकच असतो: कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? उत्तरात 'त्याला कळलं पाहिजे बॉस कोण' असं आलं तर चहा पाजून निरोप द्या. ही 'अल्फा'ची, म्हणजे कळपावर दादागिरी करणाऱ्या म्होरक्याची गोष्ट पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांना पाहून निघाली. जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलंय. आणि मारझोड प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, मग तिला 'करेक्शन' म्हणा नाहीतर आणखी काही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, फसून सांगतेय. आमच्या गावठी चिंगीला पहिल्या ट्रेनरने पार्किंगमध्ये दहा मिनिटांत बसायला शिकवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. रात्री व्हिडिओ पाहिला तर कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय, आणि गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी. पुढे कित्येक दिवस साखळी वाजली की ती दिवाणाखाली शिरायची. म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी कुत्र्याचं एक सेशन आधी पाहून या. नजर ट्रेनरवर नको, कुत्र्यावर ठेवा. तो आपणहून ट्रेनरकडे परत येतो का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. गुरगुरणं दटावून बंद करणारा तर मुळीच नको. इशारा गेला की थेट चावाच उरतो.

पहिल्या दिवशी उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, सहा फुटी साधी दोरी आणि अर्धपोटी कुत्रा एवढी तयारी पुरते. घरातले सगळे हजर हवेत, कामाच्या मावशीही. शब्द आधीच ठरवा. आमच्याकडे लेक 'सिट' म्हणायची, सासूबाई 'बस गं बाई', आणि 'बस' हाच शब्द भुंकणं थांबवायलाही. चिंगीने काय समजायचं?

कुत्रा महिनाभर ट्रेनरकडे ठेवायचा असेल तर झोपायची जागा दाखवा म्हणा, आणि न कळवता आलो तर चालेल का तेही विचारा. 'शंभर टक्के गॅरंटी' देणाऱ्याकडे वळूच नका. पॅकेज कितीही स्वस्त पडो, पहिली दोन सेशन्स पॅकेजशिवाय, एकेक करून घ्या आणि पैसे त्या-त्या दिवशी द्या.