टॉर्सिन-ए ची स्लाइड बघायची कशी? आधी वय बघा

परवा एका ज्युनियरनं नांदेडहून फोटो पाठवला, उंदराच्या मेंदूची स्लाइड (अँटिबॉडी जिथं प्रोटीनला चिकटते तिथं ब्राउन रंग येतो), जिकडं बघावं तिकडं ब्राउन, आन् खाली प्रश्न, "दादा हे प्रोटीन सगळीकडंच असतंय का?" म्हणून लिहायलो.

टॉर्सिन-ए म्हणजे डीवायटी-१ डिस्टोनियावालं प्रोटीन (डिस्टोनियात स्नायू आपोआप आखडतात, अंग पिळवटतं). जीन ९ नंबरच्या क्रोमोसोमवर, त्यातली जीएजी ही डीएनएची ३ अक्षरं गळालेली असतात हे १९९७ ला कळलं. बदल असलेल्या १०० पैकी ३० एक जणांनाच त्रास होतो, आन् तोही बहुतेक लहानपणीच सुरू होतो, म्हणून तर वाढत्या मेंदूत शोधायचं.

तर आधी वय बघा. उंदरात हे प्रोटीन जन्माच्या मागंपुढं आन् पहिल्या दोनेक आठवड्यांत जास्त असतंय, नंतर उतरतं, सेरेबेलमचा (मागच्या छोट्या मेंदूचा) नंबर जरा उशिरा लागतो. त्यामुळं ७ दिवसांचं पिल्लू आन् मोठा उंदीर एकाच दिवशी, एकाच ट्रेमध्ये, डीएबी (तो ब्राउन रंग देणारं केमिकल) मोजून तेवढाच वेळ ठेवून करा, नाहीतर तुलनेला काही अर्थच राहत नाही.

मग सेरेबेलमची स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावा. तिथल्या मोठ्या पर्किंजे पेशी तासात पेरल्यासारख्या एका ओळीत दिसतात, रंग पेशीच्या अंगात पाहिजे. माणसात ४ आठवड्यांच्या बाळातसुद्धा हे प्रोटीन दिसलंय, ते पर्किंजेत आन् मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा, हिप्पोकॅम्पस, बेसल गँग्लिया या भागांत शोधायचं.

नायग्रात मात्र लई जण फसतात (मी पण फसलो, आठवडाभर खूश होतो!). मोठ्या माणसाच्या तिथल्या पेशींत मुळातच न्यूरोमेलॅनिन हे रंगद्रव्य असतं, ते पण ब्राउनच, मग डीएबी कुठला आन् ते कुठलं? तिथं डीएबीऐवजी लाल रंगवालं क्रोमोजेन (रंग देणारं केमिकल) वापरा. तान्ह्या बाळात ही भानगड जवळपास नसतेच.

प्रायमरी अँटिबॉडी (थेट प्रोटीनला चिकटणारी) न टाकलेली एक स्लाइड सोबत ठेवाच, ती पण ब्राउन आली तर सगळं फुकट. अँटिबॉडी टॉर्सिन-बी ला पण चिकटत नाही ना तेवढं बघा, दोघं भावाभावासारखे सारखे आहेत.

आता त्या ज्युनियरच्या फोटोचं. रंग कडेला गडद, मधी फिका, म्हणजे सेक्शन (स्लाइडवरचा मेंदूचा पातळ काप) वाळलंय. आपल्याकडं मे महिन्यात ४२ डिग्रीत अँटिबॉडीचा थेंब बघता बघता उडतो. जेवणाच्या डब्यात ओला टिश्यू टाका, वर स्लाइडा आडव्या ठेवा, झाकण घट्ट लावा, मग रातभर फ्रिजमध्ये. लाईट गेली तर फ्रिज उघडू नका.