पॉलिहाऊसचा टोमॅटो: माल वाढवायचा कसा आणि टिकवायचा कसा

आपल्या बेळगाव भागातले पॉलिहाऊसवाले, म्हणजे प्लास्टिकच्या छपराखाली पीक घेणारे शेतकरी, भेटले की पहिला प्रश्न हाच असतोय, टोमॅटो तोडल्यावर किती दिवस टिकंल, कशात ठेवू, त्यावर काय मारू. खरं सांगायचं तर माल टिकणार का नाही हे निम्म्याहून जास्त झाडावरच ठरून जातंय, तोडल्यावर आपल्या हातात उरतं ते फक्त त्याला बिघडू न देणं. म्हणून आधी झाडाचं बघूया.

फुलं भरपूर लागत्यात पण फळ धरत नाही, ही तक्रार लई जणांची आहे आणि मग लगेच टॉनिकच्या बाटल्या सुरू होतात. अहो टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागानं फळतंय, त्याला फक्त हलवणारा पाहिजे. बाहेर रानात ते काम वारं आणि माश्या करतात, आत दोन्ही नाहीत. तेव्हा सकाळी १० ते १२ च्या दरम्यान, पानावरचा ओलावा सुकल्यावर, झाडं ज्या तारेला बांधलीत त्या तारेला काठीनं हलके ठोके देत एक फेरी मारायची, दिवसाआड तरी. कुणी बॅटरीचा टूथब्रश फुलाच्या देठाला लावतात, तेही चालतंय, पण एकरभर असेल तर काठीच बरी. हवेत दमटपणा ८० टक्क्यांच्या वर गेला की पराग चिकटून बसतो, सुटतच नाही, म्हणून बाजूचे पडदे सकाळी लवकर वर घ्या. दिवसाचं तापमान ३५ च्या पुढं गेलं की फूल गळायला लागतंय, हे अथणी-रायबागकडच्या लोकांना एप्रिल-मेमध्ये सांगायची गरज नाही. त्या दिवसांत वर शेडनेट ओढा आणि दुपारी फॉगर (पाण्याचं बारीक धुकं सोडणारा) थोडा वेळच चालवा, पान ठिबकेपर्यंत नको.

खानापूरकडं दुखणं उलटं. पावसाळ्यात ऊन नाही, दमटपणा भरपूर, मग करपा आणि पानावर बुरशी. तिकडं मी तरी भर पावसात तोडा येईल अशी लागण करूच नका म्हणेन, पाऊस ओसरता ओसरता रोप लावलं तर हिवाळ्यातलं स्वच्छ ऊन मिळतंय. पाणी सकाळीच द्या, संध्याकाळी पान ओलं राहता कामा नये, आणि खालचा घोस रंगायला लागला की त्याच्या खालची पानं काढून टाका म्हणजे बुडात हवा खेळते. बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतून येणारा फुटवा, आठवड्याला काढत राहा, एका झाडाला एकच दांडा. पहिल्या घोसांत ४-५ फळं ठेवून बाकीची बारीक असतानाच खुडली तर राहिलेली एकसारखी भरतात. जीवावर येतंय खुडायला, पण बाजारात बारकी फळं कोण विचारतंय.

आता टिकाऊपणाचं मूळ म्हणजे पाणी आणि कॅल्शियम. फळाच्या बुडाला काळा चट्टा पडतो तो रोग नाही, फळापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही त्याची खूण आहे, आणि बहुतेक वेळा जमिनीत कॅल्शियम असतंय पण पाणी एक दिवस ढीगभर आणि दोन दिवस कोरडं, म्हणून ते वर चढत नाही. फळं तडकतात तीही त्याच कारणानं. ड्रिप रोज थोडं थोडं, उन्हाच्या दिवसांत दिवसातून दोन-तीनदा विभागून चालवा. कॅल्शियम नायट्रेट सोडायचं तर सल्फेट किंवा फॉस्फेटवाल्या खताबरोबर एकाच टाकीत कधीच घालू नका, साका बसतो आणि ड्रिपर चोंदून जातात. युरियाचा हात आवरा, त्यातलं नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार दिसतंय आणि फळ मऊ. फळं भरायला लागली की पोटॅश वाढवा, साल घट्ट होते. कृष्णाकाठच्या बोअरचं पाणी काही ठिकाणी खारट आहे, ते आधी तपासून घ्या नाहीतर खताचा हिशोबच चुकतो. पाणी कुठं तपासतात याची रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या जवळच्या कार्यालयात, चौकशी करा, तपासणीचा कागद कन्नडमध्ये मिळाला तर शेजारच्याकडून वाचून घ्या की, त्यात काय लाजायचं.

पांढरी माशी आत शिरू देऊ नका, तीच पानं मुरडायचा व्हायरस आणते. ५० मेशची (इंचाला ५० भोकांची) बारीक जाळी, दाराला दोन पडदे, आत पिवळे चिकट सापळे.

तोडणी. लांब जाणारा माल, म्हणजे चोर्ला घाटातून गोव्याला जाणारा, तो बुडाला फिकट गुलाबी छटा आली की तोडायचा, लालभडक होईपर्यंत थांबायचं नाही. बेळगावातच विकायचा असेल तर अर्धा लाल चालतो. सकाळी दव सुकल्यावर तोडा, देठ गाठीपाशी मोडून काढा नाहीतर तोच शेजारच्या फळात घुसतो, तोडणाऱ्या बायकांची नखं कापलेली असू देत. क्रेट लगेच सावलीत न्या, उन्हात तासभर ठेवलेला माल आतून तापलेला राहतो आणि लवकर मऊ पडतो. क्रेट काठोकाठ भरू नका, वरच्या क्रेटचं ओझं फळावर येतंय. धुतलं तर पूर्ण सुकवूनच भरा.

आणि फ्रिजमध्ये कोंबायची सवय सोडा. कच्चा किंवा अर्धवट पिकलेला टोमॅटो १० डिग्रीच्या खाली काही दिवस ठेवला की नीट रंगत नाही, डाग पडतात, चव जाते. १३ ते १५ डिग्री मिळाली तर उत्तम, नाहीतर थंड, हवेशीर खोली. पिकलेला, तडकलेला, पिचका माल वेगळा काढा, केळीच्या शेजारी तर अजिबात ठेवू नका, त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूनं बाकीचा माल भराभर पिकतो. तो बाजूला काढलेला माल त्याच दिवशी गावात किंवा हॉटेलवाल्याला देऊन टाका, चार पैसे कमी आले तरी चालतंय, गाडीत तो चांगल्या क्रेटात जाता कामा नये.