दुसऱ्या ताऱ्यावर जायला किती वर्षं? हिशेब मांडताना या चुका टाळा

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार हे ठरल्यापासून हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत अवकाशाचे चार्ट जास्त दिसायला लागलेत, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. त्यात एक प्रश्न हमखास असतो : माणसाला सूर्याशेजारच्या ताऱ्यापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील? एका चार्टवर उत्तर २० वर्षं, दुसऱ्यावर ७५ हजार, तिसऱ्यावर २७ कोटी. पहिले दोन आकडे हवेतून आलेले नाहीत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कोणत्या वेगाने, हे न सांगता वर्षं सांगायची, ही मूळ चूक. बाकीच्या बऱ्याच तिच्यातूनच निघतात.

सेकंद आणि तास यांची गल्लत

सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, तेव्हा एकूण अंतर झालं ४० लाख कोटी किलोमीटर. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जातं, म्हणजे ताशी ६१ हजार. या वेगाने उत्तर येतं जवळपास ७५ हजार वर्षं.

तुमचं उत्तर २७ कोटी वर्षं आलं असेल, तर सेकंदाचे १७ किलोमीटर तुम्ही ताशी धरलेत. उत्तर २१ वर्षं आलं असेल, तर उलटं झालंय : ताशी ६१ हजार हे सेकंदाला धरलेत. दोन्ही चुका मी चार्टवर पाहिल्या आहेत आणि दोन्ही वेळा गुणाकार-भागाकार अगदी बरोबर होता.

पडताळा घ्यायची सोपी रीत आहे. प्रकाश एका दिवसात जितकं अंतर कापतो तितक्या अंतरावर जायला व्हॉयेजरला ४९ वर्षं लागतात. ४.२४ प्रकाशवर्षं म्हणजे सुमारे १,५५० दिवसांचा प्रकाशप्रवास. १,५५० गुणिले ४९ करा. उत्तर ७५ हजारांच्या आसपास येतं, कॅल्क्युलेटरही लागत नाही. अजिंठ्यातली सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. तेव्हा या वेगाने निघालेलं यान आज वाटेच्या तीन टक्क्यांवर असतं.

आणि चार्टवर ‘व्हॉयेजर प्रॉक्झिमाकडे निघालं आहे’ असं लिहू नका. त्याची दिशाच वेगळी आहे.

‘तो तारा आकाशात दाखवा’

प्रॉक्झिमा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्याच कुटुंबातला ठळक तारा म्हणजे मित्र, नरतुरंग तारकासमूहातला. मेच्या उत्तरार्धात रात्री अकराच्या सुमारास लातूरहून दक्षिणेला पाहिलं तर तो क्षितिजापासून दहा-अकरा अंशांवर असतो. हात लांब करून मूठ आडवी धरली की साधारण दहा अंश होतात. दक्षिणेला झाडं किंवा घरं असतील तर गच्चीवर जा, नाहीतर मोकळं शिवार गाठा.

पार्करचा वेग उसना घेऊ नका

डिसेंबर २०२४ मध्ये पार्कर सोलर प्रोब सूर्याजवळून सेकंदाला १९२ किलोमीटर वेगाने गेलं. तो वेग धरून ‘६,६०० वर्षं’ असं लिहिलेलं आढळतं. हा वेग सूर्याच्या गुरुत्वाने दिलेला आहे. यान सूर्याकडे पडताना तो मिळतो आणि दूर जाताना सूर्य तो परत काढून घेतो. पार्कर सूर्याभोवतीच्या कक्षेत अडकलेलं आहे, ते बाहेर पडतच नाही. माणसांचा विक्रम पाहिजे असेल तर १९६९ चं अपोलो-१० घ्या : ताशी ३९,८९७ किलोमीटर. त्या वेगाने प्रॉक्झिमा १ लाख १५ हजार वर्षं दूर आहे.

‘जास्त इंधन भरू’

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण खरी अडचण इथेच आहे. इंधन वाढवलं की ते इंधन उचलायलाच आणखी इंधन लागतं. त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ साली मांडलेलं रॉकेट समीकरण हेच सांगतं. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनातून वायू सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटरने बाहेर पडतो. अशा इंजिनाने सेकंदाला १०० किलोमीटर वेग गाठायचा, तर सुरुवातीचं वजन शेवटच्या वजनाच्या सुमारे साडेचारशे कोटी पट लागतं. एवढं करूनही प्रवास १२,७०० वर्षांचा. प्रकाशाच्या एक टक्का वेग हवा असेल तर आकडा असा फुगतो की दृश्य विश्वातले सगळे अणू इंधन म्हणून जाळले तरी पुरणार नाहीत.

मग इंजिन बदलू, अणुऊर्जा घेऊ, लेसर घेऊ. घ्या, पण ऊर्जेचा हिशेब चुकत नाही. एक किलो वस्तूला प्रकाशाच्या दहा टक्के वेग द्यायला साडेबारा कोटी युनिट वीज लागते. परळीच्या औष्णिक केंद्रातले २५० मेगावॅटचे तीन संच पूर्ण क्षमतेने सात दिवस चालवले की तेवढी वीज होते. हे एका किलोचं, आणि कणभरही ऊर्जा वाया गेली नाही असं धरून. हजार टनांचं यान असेल तर परळी १९ हजार वर्षं चालवावी लागेल.

थांबण्याचा खर्च विसरणं

प्रकाशाच्या दहा टक्के वेगाने ४२ वर्षांत पोचलात, पुढे काय? या वेगाने पृथ्वी ते चंद्र हे अंतर तेरा सेकंदांत संपतं. ग्रह दिसला म्हणेपर्यंत मागे पडला. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते ७८ या काळात आखलेलं डीडलस यान ५० वर्षांत बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत जाणार होतं. ५४ हजार टनांपैकी ५० हजार टन इंधन, तरी ते थांबणार नव्हतंच. थांबायचं तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या वजनाचं गुणोत्तर दुप्पट होत नाही, त्याचा वर्ग होतो. जायला दहा पट लागत असेल तर जाऊन थांबायला शंभर पट.

घड्याळ कोणाचं?

वेगात काळ मंदावतो हे खरं, पण मुलं त्याचा उपयोग भलत्या ठिकाणी करतात. दहा टक्के वेगाला ४२ वर्षांत प्रवाशांचे अडीचच महिने वाचतात. ९० टक्क्यांना पृथ्वीवर ४.७ वर्षं जातात, यानात दोन. ९९ टक्क्यांना यानात सात महिने. तेव्हा वर्षं लिहिताना पृथ्वीची की यानातली, हे लिहाच.

चकतीची वीस वर्षं माणसाला लावणं

२० वर्षांचा आकडा २०१६ साली जाहीर झालेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉट या योजनेतला आहे. त्यात काही ग्रॅमचं, चकतीएवढं यान लेसरने ढकलायचं होतं. त्यात माणूस नाही, अन्न नाही, पाणी नाही.

पाण्याबद्दल तर मराठवाड्याच्या मुलांना वेगळं सांगायची गरज नाही. अंतराळ स्थानकावर माणशी रोज साधारण पावणेचार लिटर पाणी लागतं, आणि २०२३ मध्ये तिथे ९८ टक्के पाणी परत मिळवणं जमलं. फारच मोठं काम आहे ते. तरी उरलेले दोन टक्के धरा : माणशी रोज ७५ मिलिलिटर, ४२ वर्षांत जवळपास १,२०० लिटर. आता शंभर माणसं आणि ७५ हजार वर्षं. वीस कोटी लिटरहून जास्त होतं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी २५ लाख लिटर आणायची. तशा ऐंशीवर गाड्या यानात निघतानाच भरून घ्याव्या लागतील, कारण वाटेत मिरज नाही. चार्टवर इंधनाच्या टाकीशेजारी पाण्याची टाकीही काढा आणि तिच्यावर लिटरचा आकडा लिहा.