आयर्लंडमधल्या गॉलवेत राहायची सोय करताना या चुका टाळा

मे महिना उजाडला की फोन सुरू होतात. "आम्ही गॉलवेला येतोय, बुकिंग करून टाकलंय, तू फक्त एकदा नजर टाक." पैसे भरून झाल्यावर नजर टाकून मी काय करणार? अगोदर विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. त्याच त्या चुका दरवर्षी बघून कंटाळा आला, म्हणून लिहून टाकतोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शहर आणि काउंटी यांतला घोळ. गॉलवे हे शहर आहे आणि त्याच नावाची काउंटीही आहे, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा. साइटवर 'गॉलवे' टाकायचं, स्वस्त ते आधी अशी यादी लावायची, आणि दगडी घर, मागे डोंगर, पुढे समुद्र असा फोटो दिसला की बटण दाबायचं. ते घर निघतं क्लिफ्डनला. क्लिफ्डन गॉलवे काउंटीतच आहे, पण शहरापासून जवळजवळ ८० किलोमीटर. पुण्यात राहायचं म्हणून जुन्नरला खोली घ्यावी, तसला प्रकार.

ओळखीतले एक काका-काकू मुलाकडे डब्लिनला आले होते. मुलाने ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये फोनवरून घर बुक केलं आणि आई-बाबांना कोचमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसमध्ये, बसवून दिलं. कोच रात्री साडेनऊला गॉलवेत पोहोचला. जुलैअखेरीस त्या वेळेलाही उजेड असतो, त्यामुळे काकांना उशीर झालाय असं वाटलंच नाही. त्यांनी टॅक्सीवाल्यापुढे पत्ता धरला. त्याने पत्ता वाचला, चार बॅगांकडे पाहिलं आणि "आज रात्री?" एवढंच विचारलं. तिकडे जाणारी शेवटची बस केव्हाच गेलेली. हॉटेलं शोधायला गेले तर शहरात एक खोली शिल्लक नाही, कारण नेमका रेसचा, म्हणजे घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा. शेवटी काकू आमच्या सोफ्यावर आणि काका खाली गादीवर. दुसऱ्या दिवशी मुलगा घरमालकावर फोनवरून तणतणला, पण जाहिरातीत 'क्लिफ्डन' स्पष्ट लिहिलेलं होतं. वाचलं कुणी नव्हतं.

माझी स्वतःची सवय सांगतो. पैसे भरण्याआधी मालकाला दोनच गोष्टी विचारायच्या: तुमचा एअरकोड काय, आणि एअर स्क्वेअरपासून, म्हणजे शहराच्या मधल्या चौकापासून, चालत किती मिनिटं? एअरकोड म्हणजे २०१५ साली सुरू झालेला इथला पिनकोड, फक्त आपल्यासारखा अख्ख्या भागाला एक नव्हे, तर प्रत्येक घराला वेगळा. नकाशात टाकला की थेट दारात. गावाकडच्या बऱ्याच घरांना नंबरही नसतो नि रस्त्याला नावही नसतं, तिथे त्याच्यावाचून भागत नाही. एच-७१ ने सुरू झाला तर तुम्ही क्लिफ्डनकडे निघालात. एच-९१ ने सुरू झाला म्हणून मात्र लगेच खूश होऊ नका. शहराचा तोच, पण ओरनमोर, ऊटरार्ड, किनव्हारा ही बाहेरची गावंसुद्धा त्यातच येतात. पूर्ण कोड घ्या. "बुकिंगनंतर सांगतो" म्हणाला तर निदान मिनिटं तरी वदवून घ्या.

दुसरी चूक तारखांची. गॉलवे रेसेस म्हणजे बॅलीब्रिटच्या मैदानावरच्या घोड्यांच्या शर्यती, १८६९ पासून चालत आलेल्या. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी इथे सरकारी सुट्टी असते. तिच्या आदल्या सोमवारपासून रविवारपर्यंत सात दिवस शर्यती चालतात. त्या आठवड्यात साध्या खोलीचे दर ऐकून घाम फुटतो, तेही मिळाली तर. त्याच्या आधी जुलैत दोन आठवडे आर्ट्स फेस्टिव्हल, सप्टेंबरअखेरीस ऑयस्टर (कालवं) फेस्टिव्हल, शिवाय प्रत्येक बँक हॉलिडेचा, म्हणजे सरकारी सुट्टीचा, लांब वीकएंड. "आम्हाला रेस बघायचीच नाहीये" असं लोक मला समजावतात. अहो, खोली काय फक्त रेस बघायला येणाऱ्यालाच लागते? तारखा हलवता येत असतील तर हलवा. मंगळवार ते गुरुवार या, तेच शहर निवांत मिळतं.

आता 'अगदी सेंटरला, सगळं हाकेच्या अंतरावर' हा हट्ट. शॉप स्ट्रीट, हाय स्ट्रीट, क्वे स्ट्रीट ही एका रेषेत स्पॅनिश आर्च या जुन्या दगडी कमानीपर्यंत उतरणारी जुनी गल्ली म्हणजे गॉलवेचा प्राण, कबूल. पण मध्ययुगात तटाच्या आत दाटीवाटीने वसलेला हा भाग. सेंट निकोलस चर्च १३२० चं, स्पॅनिश आर्च १५८४ ची. इमारती अरुंद, जिने खडे, खोल्या लहान आणि लिफ्ट बऱ्याच ठिकाणी नाहीच. गुडघे दुखणाऱ्या आजीला तिसऱ्या मजल्यावर चढवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यातून खाली पब. शुक्रवार-शनिवारी पब रात्री साडेबाराला बंद होतात, लेट बार अडीचला. त्यानंतर रस्त्यावर उभं राहून गाणारे वेगळेच. वीकएंडला लग्नाआधीच्या पार्ट्यांचे घोळके आयर्लंडभरातून येतात. पंचविशीत असाल तर जरूर तिथेच राहा, मजा आहे. लहान मूल किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर कॉलेज रोडवरचे बी अँड बी (राहत्या घरातली खोली आणि सकाळचा नाश्ता) बघा: एअर स्क्वेअर चालत दहा-एक मिनिटांवर आणि रात्री झोप लागते. नाहीतर सॉल्टहिल. समोर समुद्र, किनाऱ्याने फिरायला लांबलचक प्रॉम, आणि एअर स्क्वेअरला जायला ४०१ नंबरची बस. नकाशावर बघून "चालतच जाऊ" म्हणू नका. पाऊस इथे आडवा येतो आणि छत्री पहिल्याच झोतात उलटी होते.

गाडी भाड्याने घेऊन जुन्या गल्लीत राहायचं हा आणखी एक अट्टहास. ती गल्ली पादचाऱ्यांची आहे. गाडी घेतलीच तर पार्किंग असलेली जागा घ्या.

बी अँड बी म्हणजे हॉटेल नव्हे. मालकीणबाई त्याच घरात राहतात, रात्रभर काउंटरवर कुणी बसलेलं नसतं. रात्री अकराला बेल वाजवायची असेल तर आधी कळवा. सकाळच्या आयरिश ब्रेकफास्टमध्ये ब्लॅक पुडिंग असतं, ते डुकराच्या रक्ताचं सॉसेज. व्हाइट पुडिंगमध्ये रक्त नसतं, पण डुक्करच. शाकाहारी असाल तर आदल्या संध्याकाळीच सांगा, आनंदाने वेगळं करून देतात. ताटात वाढल्यावर तोंड वाकडं करू नका.

आंघोळीला गार पाणी येतंय अशी तक्रार करण्याआधी छताजवळून लोंबणारी दोरी ओढून बघा. इलेक्ट्रिक शॉवरचा स्विच तोच.

प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटनसारखा. अॅडॉप्टर भारतातूनच आणा.

ठरलेल्या साइटबाहेर, बँकेत थेट पैसे मागणाऱ्याला एक पैसाही पाठवू नका, फोटो कितीही देखणे असोत.

किचन असलेला फ्लॅट घेतलात तर फोडणी जपून. अशा इमारतींत धुराचा अलार्म बहुधा अख्ख्या बिल्डिंगला जोडलेला असतो. एका कुटुंबाने रात्री नऊला लसणीची खमंग फोडणी दिली आणि चार मजल्यांवरची माणसं नाइट ड्रेसमध्ये पावसात उभी राहिली. अग्निशमनची गाडी आली, वहिनींनी त्या जवानांना आमटीचा आग्रह केला, तो भाग वेगळा. एक्झॉस्ट आधी चालू करा, खिडकी उघडा, तेल धुरावू देऊ नका. अलार्मला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची युक्ती नेटवर फिरते. ती अजिबात करू नका.

राहता राहिला व्हिसा. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिशावर इथे येता येत नाही. आयर्लंडचा व्हिसा हातात पडण्याआधी परतावा न मिळणारी खोली घ्यायची ही चूक दरवर्षी कुणीतरी करतंच, का तर पंधरा युरो वाचतात. फुकट रद्द करता येईल अशीच घ्या. रद्द करायची मुदत इथल्या घड्याळाप्रमाणे मोजतात. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. शेवटच्या दिवसावर ठेवूच नका, दोन दिवस आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.