पंधरा बाय बाराच्या परसात शंभर किलोचा भोपळा

कॅनडातल्या मिसिसागातल्या आमच्या घरामागे सगळी मिळून पंधरा फूट बाय बारा फूट माती आहे. तिच्यात एकच वेल लावायचा आणि त्या वेलावर एकच भोपळा ठेवायचा. हा हिशेब ज्याला पटत नाही, त्याने खुशाल टोमॅटो लावावेत. इंग्लंडमधल्या इयान आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये १,२७८.८ किलोचा भोपळा काट्यावर चढवून जागतिक विक्रम केला. पण त्यांची तयारी वेगळी, जागा वेगळी. स्पर्धेतली मंडळी एका वेलाला सातआठशे चौरस फूट सहज देतात. भोपळा पोसतात ती पानं, आणि पानं मावतील तेवढाच तो वाढणार. आपल्या जागेत शंभर किलोच्या आसपास पोचला तरी शेजारी कुंपणावरून वाकून बघतात.

बी कुठलं, यावर निम्मी लढाई ठरते. हॅलोविनला दाराशी ठेवतात त्या भोपळ्याचं बी इथे उपयोगाचं नाही, त्याची जातच वेगळी. ‘अटलांटिक जायंट’च हवं. कॅनडाच्याच नोव्हा स्कोशा प्रांतातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं निवड करत हे वाण तयार केलं, आणि आज जगभरच्या राक्षसी भोपळ्यांचं मूळ तिथे जातं. दुकानातलं पाकीट चालतं, पण भोपळेवाल्यांच्या एखाद्या क्लबकडून बी मिळालं तर ते घ्या. त्या पाकिटावर भोपळ्याचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल लिहिलेलं असतं. स्थळाची पत्रिका बघावी तसं ते वाचायचं.

जमीन आदल्या शरद ऋतूतच तयार करा. आमच्याकडे चिकणमाती, पाऊस पडला की लोण्यासारखी आणि उन्हात विटेसारखी. तिच्यात झडलेली पानं, कंपोस्ट आणि चांगलं कुजलेलं शेणखत फूटभर खोल मिसळलं. ताजं शेण नको, मुळं भाजतात. सामू (pH) साडेसहा ते सातच्या दरम्यान असावा, आणि ऊन दिवसाला निदान सातआठ तास हवं. उन्हाच्या बाबतीत तडजोड नाही.

एप्रिलच्या शेवटी बी घरातच रुजवायचं. टरफल जाड असतं, म्हणून टोकाची बाजू सोडून कडा नखं घासायच्या कानशीने हलक्या हाताने घासा आणि तासदोन तास कोमट पाण्यात ठेवा. मग टोक खाली करून कुंडीत. मातीचं तापमान २७ ते ३० अंश राहिलं तर चारपाच दिवसांत कोंब वर येतो. पहिलं खरं पान कुठल्या बाजूला फुटलं ते नीट बघून ठेवा, कारण वेल सहसा त्याच्या उलट दिशेला धावतो. लहान जागेत हे फार कामाचं. रोप कोपऱ्यात अशा बेताने लावायचं की वेल कर्णाच्या दिशेने जाईल, म्हणजे सर्वांत लांब रेघ मिळते. मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपर्यंत गोठवणाऱ्या दहिवराची भीती बरीचशी जाते, तेव्हा रोप बाहेर लावा आणि पहिले काही आठवडे रात्री वर प्लॅस्टिकचं झाकण ठेवा.

जून म्हणजे छाटणीचा महिना, आणि इथेच आपल्या लोकांचा हात अडतो. मुख्य वेल सरळ जाऊ द्या, त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटणाऱ्या फांद्या काटकोनात पसरवा. त्या फांद्यांना फुटणारे पोटफुटवे मात्र दिसले की खुडा. फांदी कुंपणाला टेकली की शेंडा कापून टोक मातीत पुरा. पेरांवर माती ओढली की तिथे नवी मुळं फुटतात, ती घास वाढवतात आणि वादळात वेल धरूनही ठेवतात. वेल वळवायचा असेल तर दुपारी वळवा. सकाळी तो पाण्याने टच्च भरलेला असतो, काडीसारखा मोडतो.

नर फुलं आधी येतात. त्यांची भजी करा, एकदोन ताजी रोजची राहिली म्हणजे झालं. मादी फुलाच्या देठाशी लिंबाएवढा भोपळा आधीच दिसतो. मुख्य वेलावर आठदहा फुटांच्या पुढे जी मादी कळी असेल तिच्यावर नजर ठेवा. उद्या उमलणार असं वाटलं की संध्याकाळी पाकळ्या दोऱ्याने सैल बांधा, नाहीतर मधमाश्या तुमच्या आधी पोचतात. सकाळी सहासातला ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या प्रत्येक पाकळीदार गाठीवर फिरवायचा. गाठी चार किंवा पाच असतात, एकही कोरडी राहू देऊ नका. मग पाकळ्या पुन्हा बांधा. पारा ३२च्या वर जाणार असेल तर फुलावर सावली धरा.

दोनतीन फळं धरली की दोनएक आठवडे थांबा. जे सर्वांत वेगाने फुगतंय ते ठेवा, बाकीची कापा. हळहळ नको, त्या कोवळ्या भोपळ्यांची भाजी झकास होते. ठेवलेल्या फळाचं देठ वेलाशी काटकोनात यावं म्हणून वेल रोज थोडा थोडा सरकवा. फळाजवळच्या पेरांची मुळं सोडवा, म्हणजे फळाचे खांदे वर आले की वेल उचलला जाईल, देठ तुटणार नाही. खाली वाळूचा थर आणि वर सावली. आमच्या भोपळ्यावर सौ.ची जुनी सुती साडी असते. उघड्या उन्हात साल लवकर निबर होते आणि आतून वाढीचा रेटा आला की तडकते.

पाणी बुंध्याशी, सकाळी आणि नेमाने. चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी धो धो सोडलं तर फळ फुटलंच समजा. सुरुवातीला मासळीचं द्रवखत, फळ धरल्यावर पोटॅश जास्त असलेलं खत, अधूनमधून समुद्री शेवाळाचा अर्क. याहून महागड्या बाटल्यांच्या नादी लागू नका.

खरा वैरी म्हणजे खोड पोखरणारी अळी. तिचा नारिंगी पतंग जूनअखेरपासून बुंध्याशी तपकिरी अंडी घालतो. बुंध्याभोवती स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळा. तरी खोडावर ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली, तर ब्लेडने खोड उभं चिरा, गुबगुबीत पांढरी अळी ओढून काढा आणि चिरेवर माती लोटा. वेल सावरतो. पानांवर ऑगस्टमध्ये भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येतेच, तिथे हवा खेळती ठेवणं आणि पानं भिजू न देणं हाच निम्मा इलाज.

काटा नसताना वजन काढायला टेपने तीन मापं घ्या: घेर, देठापासून फुलाच्या टोकापर्यंत वरून, आणि एका कडेच्या जमिनीपासून दुसऱ्या कडेपर्यंत वरून. बेरजेवरून अंदाजे वजन सांगणारे तक्ते भोपळेवाल्यांकडे असतात.

वजनाच्या स्पर्धा ऑक्टोबरमध्ये. आमच्या ऑन्टारिओत ह्युरॉन सरोवराकाठच्या पोर्ट एल्गिनला पम्पकिनफेस्ट भरतो. याच किनाऱ्यावरच्या गोडरिचच्या विल्यम वॉरनॉकचा ४०३ पौंडांचा भोपळा १९०४ साली सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात होता, आणि तो आकडा सत्तर वर्षं कुणाला ओलांडता आला नाही. तुमचा भोपळा न्यायचा असेल तर पोकळीपर्यंत गेलेली चीर किंवा कुजका भाग नसावा. उचलायला जाड ताडपत्री आणि चार दणकट माणसं लागतात. देठाला धरून कुणी उचलू नये, हे आधीच बजावा.

घारग्यांची स्वप्नं मात्र बघू नका. गर पाणचट आणि बेचव असतो. बिया भाजून खा, आणि त्यातल्या टपोऱ्या वेगळ्या काढून पंख्याखाली वाळवा. पाकिटावर वजन, साल आणि परागीकरणाला वापरलेलं नर फूल कुठल्या वेलाचं होतं तेही लिहा. नुसतं ‘भोपळा’ लिहिलेलं पाकीट पुढच्या एप्रिलमध्ये कुणी घेणार नाही.